रबरावरचा अंगठा

निवृत्त होऊन वर्ष झालं, तरी टेबलावर मांडलेले ते रबरी साचे आणि त्यांच्याभोवती बावळटासारखे उभे असलेले आम्ही पोलीस, हे दृश्य माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. शरमेची गोष्ट आहे, म्हणूनच सांगतो.

लातूर जिल्ह्यातलं एक ठाणं. त्या काळात लोकांच्या ठशांचे रबरी अंगठे बनवून, ते आधारच्या यंत्रावर टेकवून बँक खाती रिकामी केल्याच्या तक्रारी येत होत्या. वरून रोज विचारणा. अशात एक खबऱ्या आला.

"साहेब, आमच्या गल्लीतला रिटायर वायरमन रबराचे अंगठे बनवायलाय. लोकं पिशवीत झाकून काहीतरी आणतेत."

"तू पाहिलंस?"

"खिडकीतून. रबरावर अंगठा दाबताना पाहिलं की."

आता आमची एक घाण सवय ऐका. वेळ वाचावा म्हणून छाप्याला निघण्यापूर्वीच रायटर, म्हणजे ठाण्याची लिखापढी करणारा हवालदार, पंचनामा टाईप करून ठेवायचा. जागेवर फक्त आकडे आणि पंचांच्या सह्या. त्या दिवशीही मजकूर तयार होता: 'मानवी अंगठ्यांचे रबरी साचे'. पंचनामा म्हणजे डोळ्यांनी पाहिलेलं. आम्ही न पाहिलेलं लिहून निघालो आणि मी प्रमुख असून गप्प बसलो.

वायरमनच्या घरात साचे सापडले. पण त्यांतून निघाल्या तपकिरी गोल चकत्या, कडेला बारीक रेघा, मागे भोक. हा कुणाचा अंगठा?

"नवी पद्धत असंल, साहेब," रायटर म्हणाला.

एक साचा उलटा केला तर पाठीवर खरोखरच अंगठ्याचा ठसा. दुसऱ्यावरही. तिसऱ्यावरही. मी पंचांच्या सह्या घेतल्या.

वायरमनला ठाण्यात आणून चकत्या दाखवल्या. "हे काय आहे रे?"

"रेडिओचे नॉब, साहेब. आवाजाचे, स्टेशन लावायचे. जुने आता मिळत न्हाईत. लोकं उरलेला एक आणतेत, त्याच्यावर सिलिकॉन ओतून साचा करतो, मग साच्यात रेझिन. तसाच दुसरा निघतो."

"आणि अंगठा?"

"कोणता अंगठा?"

साचे ठसेतज्ज्ञांकडे रवाना झाले होते, दाखवायला समोर फक्त चकत्या होत्या.

त्याची मुलगी बाहेर बाकावर बसून होती. तलाठी म्हणून निवड झालेली, चारित्र्य पडताळणी आमच्याच ठाण्यात पडलेली, मुदतीला आठवडा. 'वडिलांची चौकशी चालू' असा शेरा रायटरने पेन्सिलीने लिहूनही ठेवला होता. बापाचा गुन्हा लेकीला लागत नाही, असं कायदा म्हणतो. सरकारी टेबलं तसं म्हणत नाहीत.

ठसेतज्ज्ञांचा अहवाल आला. सगळे ठसे एकाच माणसाचे, वायरमनचे.

"मग सापडला की," रायटर खूश.

"अरे, स्वतःचा अंगठा हाताला असताना त्याची नक्कल कोण करील?"

शेवटी वायरमनचं सामान मागवलं आणि त्याला सांगितलं, आमच्यासमोर एक साचा कर. त्याने डबीत नॉब ठेवला, वर सिलिकॉन ओतलं आणि हात बांधून बसला. आमचे दोन चहा झाले. मग त्याने वरून अंगठा दाबला. ठसा उठला.

"हे काय केलंत?"

"जमलं का बघितलं. अजून कच्चं हाय."

गुन्हा एवढाच होता. खिडकीतून तेच दिसलं होतं.

शेरा मी स्वतः खोडला. तरी मुलगी उठेना.

"बाबाला सोडलंत, पण कागदावर अंगठेच हायत. उद्या कुणी काढलं तर? चूक झाली म्हणून लिहून द्या."

"मॅडम, असं कोणतंच ठाणं लिहून देत न्हाई," रायटर म्हणाला. मला बाजूला घेऊन, "साहेब, तुमच्यावरच खात्याची चौकशी लागंल."

पुढे ती लागलीही. तरी मी लिहिलं: 'पंचनामा वस्तू पाहण्यापूर्वी तयार केला होता. जप्त वस्तू रेडिओचे नॉब आहेत. चूक माझी.' इतक्या वर्षांच्या नोकरीत हजारोंकडून कबुलीजबाब घेतले, स्वतःचा हा एकच. त्या दिवशी शिकलो ते असं: नुसता संशय चुकला असता तर चाललं असतं, पण आधी टाईप झालेला संशय कुणाचंही घर मोडतो, आणि मोडणारा खुर्चीत सुखरूप असतो.

मुलीने कागद दोनदा वाचला आणि परत माझ्यापुढे सरकवला.

"सही हाय, साहेब. शिक्का ऱ्हायला."

मी रायटरकडे पाहिलं. त्याने शिक्का काढून दिला.