आवाज गेला काकूंकडे

"सकाळपासून मुकाच हाय," प्रमिलाताई म्हणाल्या आणि हेडफोन माझ्या हातात दिला.

जोह्यातला गणपतीचा कारखाना. प्रमिलाताई तिथल्या ऑफिसात ऑर्डरी सांभाळतात. त्यांना जन्मापासून दिसत नाही. त्यांच्या कॉम्प्युटरवर स्क्रीन रीडर आहे, म्हणजे पडद्यावरचं सगळं वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर. आपण टाईप करू तेही ते बोलतं. आदल्या दिवशी ऑपरेटिंग सिस्टिमचा अपडेट झाला आणि ते गप्प झालं. अपडेट आला की असले कॉल मला हमखास येतात. माझं सर्व्हिस सेंटर पेणला, साहेब रोह्याला.

मालक दारातच उभे होते. "चारपर्यंत व्यापाऱ्याला यादी गेली पायजे. नायतर उद्यापासून भाचीला बसवतो हिच्या खुर्चीवर. तिला दिसतं तरी."

हे त्यांनी ताईंसमोरच सांगितलं. मला राग आला. पण माझ्या रागाने कॉम्प्युटर थोडाच बोलणार होता!

हेडफोन बदलला. व्हॉल्यूम पाहिला, फुल होता. स्क्रीन रीडर काढून पुन्हा टाकला. दोनदा रीस्टार्ट केलं. काही नाही. ताईंचं शेजारून चालूच, "आता काय केलंत? माझ्या सेटिंगा गेल्या नाय ना?"

तीन वाजले. पत्र्याच्या शेडमध्ये मोबाइलला रेंज नाही, म्हणून त्यांच्याच कॉम्प्युटरवर चॅट उघडून साहेबांना लिहिलं, 'बाई डोकं खातायत. सॉफ्टवेअर जुनं झालंय असं सांगून निघू का?'

मागच्या शेडमध्ये एकदम हशा पिकला. तिथे मूर्तींचे डोळे रंगवणाऱ्या ताराकाकू ब्रश घेऊनच आत आल्या.

"प्रमिला, कोनाचं डोकं खातेस गो? आन् जुनं झालंय सांगून कोन निघतोय? आमचा गाण्यांचा स्पीकर सकाळपासून बडबडतोय. आमाला वाटलं बातम्या हायत."

मला तोंड लपवायला जागा उरली नाही. लाज वाटली, अगदी मनापासून.

ताई म्हणाल्या, "म्हणजे सॉफ्टवेअर चालू हाय. आवाज तेवढा काकूंकडे गेलाय. परत आणा."

तसंच होतं. कधीतरी गाणी लावायला तो ब्लूटूथ स्पीकर या कॉम्प्युटरला जोडला होता. अपडेटने आवाज हेडफोनवरून काढून परस्पर त्याच्यावर वळवला होता. व्हॉल्यूम फुल आहे हे मी पाहिलं, पण कशाचा ते पाहिलं नाही. दोन क्लिकचं काम.

साडेतीनला यादी गेली. ती जाईपर्यंत मालक खुर्चीमागून हलले नाहीत. "बरं झालं," ते म्हणाले. "भाचीला टायपिंग येत नाय."

काम झालं की आमच्या ऑनलाइन फॉर्मवर ग्राहकाने रिमार्क लिहायचा असतो. ताईंनी हेडफोन घालून तो स्वतः टाईप केला आणि लगेच पाठवून दिला. दुसऱ्या दिवशी साहेबांनी रोह्याला बोलावून मला तो मोठ्याने वाचून दाखवला, 'माणूस सरळ आहे. मनात येईल ते टाईप करतो.'

आता अपडेटनंतर मी आधी आवाज कुठे जातोय ते बघतो. आणि टाईप करण्याआधी कोण ऐकतंय तेही.