जपानची काच, चंद्रपूरचा स्क्रू-ड्रायव्हर

बंद लेन्समध्ये धूळ कुठून शिरते, हे वीस वर्षं कॅमेरे दुरुस्त करूनही मला समजलेलं नाही. किश्श्यांचंही तसंच. मुद्दाम कोणी आणून टाकत नाही, पण शटर वर केलं की टेबलावर दोन-चार नवे पडलेलेच असतात. चंद्रपुरातलं माझं दुकान जेमतेम दहा बाय बाराचं. दर शनिवारी दुपारी तिथं आम्हा कॅमेरेवाल्यांची बैठक बसते. चहा, तर्री-पोहे आणि दुसऱ्याच्या सामानाची बदनामी, एवढाच अजेंडा.

आमच्यात एक रीत आहे. कोणी लेन्स आणली की आधी ती उलटी करायची आणि बारीक अक्षरात कुठं बनली ते वाचायचं. काच कशी आहे, फोटो कसा येतो, हे सगळं नंतर. मुलगी पाहायला आलेले पाहुणे आधी आडनाव विचारतात ना, त्यातलाच प्रकार! जपान निघालं तर लेन्स हातोहात फिरते. थायलंड निघालं तर "ठीक आहे." चीन निघालं तर लोक चहाकडे वळतात.

*

ही रीत पाडली वासुदेवभाऊंनी. बल्लारपूरला कागदाच्या कारखान्यात आयुष्य घालवून ते रिटायर झाले आणि दुसऱ्याच दिवशी गळ्यात कॅमेरा अडकवला. त्यांचं मागणं एकच. जंगलाभोवतीच्या बफर पट्ट्यातल्या एका गेटवर वनखात्याचा हॉल आहे. तिथं दरवर्षी एक फोटो निवडून मोठा करून लावतात आणि खाली काढणाऱ्याचं नाव छापतात.

"चौतीस वर्षं मी कागद बनवला," भाऊ म्हणतात. "त्याच्यावर दुनियाभरच्या लोकाइचे नाव छापले. एक डाव माह्यं नाव छापलं पाह्यजे."

सुरुवातीला तीन वर्षं फोटो पाठवले, निवड झाली नाही. भाऊंनी निदान केलं, "लेन्स थायलंडची होती." मग त्याच कंपनीची, त्याच नंबरची, पण जपानमध्ये बनलेली लेन्स शोधून आणली. चौथ्या वर्षीही फोटो परत आला.

"आता काय भाऊ?" मी विचारलं.

"निवडनाऱ्या साहेबाचा कम्प्युटर कुठचा हाये, ते पाहा लागन."

*

थायलंडची ती जुनी लेन्स भाऊंनी माझ्या दुकानात विकायला ठेवली होती. तिची ते स्वतःच एवढी निंदा करत की गिऱ्हाईक फिरकेना. एका शनिवारी मी न राहवून म्हणालो, "भाऊ, आपल्या विहारातली बुद्धमूर्ती कुठची आहे?"

"थायलंडहून आलेली. केवढी सुबक हाये, पाह्यली ना तू."

"मग थायलंडची मूर्ती चालते, अन् लेन्स काऊन नाई चालत?"

भाऊ पोहे खात होते. घास पूर्ण चावून झाला, पाणी प्याले आणि शांतपणे म्हणाले, "मूर्तीले फोकस नाई करा लागत."

*

आमच्यात मोरेश्वर नावाचा एक आरमोरीचा लग्नाचा फोटोग्राफर आहे. घरची धानाची शेती, लग्नसराईत फोटो. त्याची चीनची लेन्स एका वरातीत घोड्याच्या पायाखाली आली. आतली काच शाबूत, पण बाहेरची नळी चेंदामेंदा. माझ्या भंगारात त्याच मापाची, जपान कोरलेली एक नळी पडून होती. तीच चढवून दिली.

महिन्याभरानं मोरेश्वर पेढे घेऊन आला. "काय केलं बे तू? फोटो इतके शार्प येऊन राह्यले का नवरीची मायसुद्धा खुश!"

काच तीच आहे, फक्त कपडे बदललेत, हे मी त्याला खरं खरं सांगितलं. पेढ्यांचा डबा माझ्या बाजूला सरकवत तो म्हणाला, "आता खोलू नको. बरं चाललं हाये."

त्याला फार हसायची सोय मात्र आम्हाला नाही. त्याच्या शेतातला तांदूळ दूरच्या शहरात जातो आणि भलत्याच गावाचं नाव छापलेल्या पिशवीत बसून परत येतो. आरमोरीतलेच लोक तो दुप्पट भावानं घेतात आणि म्हणतात, "याले वास कसा हाये पाह्य. आपल्या इकडे नाई पिकत असा."

*

मार्कंड्याच्या जत्रेत भाऊ, मोरेश्वर आणि मी असे तिघं गेलो होतो. देवळाच्या कोरीवकामाचे फोटो काढता काढता भाऊंचं लेन्सचं झाकण वैनगंगेत गेलं. जत्रेत एकानं गॉगल, दुर्बिणी, कॅमेऱ्याचं किरकोळ सामान मांडलं होतं. भाऊंनी एक झाकण उचललं, उलटं-पालटं केलं.

"जपानचं हाये का?"

"थांबा भाऊ, लावून देतो," दुकानदार म्हणाला आणि खोक्यातून स्टिकरांचा रोल काढला.

तेवढ्यावरून आम्ही भाऊंना वर्षभर छळलं. झाकण त्यांनी घेतलं का, हे विचारू नका. घेतलं. स्टिकरसकट.

*

आता कुसुम. ती बफरमधल्याच एका गावची, सफारीची गाइड. जंगल तिला घरच्या अंगणाइतकं पाठ. एका पर्यटकानं नवा कॅमेरा घेतला आणि जुना, चीनमध्ये बनलेल्या लेन्ससकट, तिला देऊन टाकला. शनिवारच्या बैठकीत ती पहिल्यांदा आली तेव्हा रीतीप्रमाणे आम्ही लेन्स उलटी केली आणि सगळे चहाकडे वळलो. आज आठवलं की लाज वाटते. तिनं काढलेले फोटो पाहायचे राहूनच गेले त्या दिवशी.

एकदा जिप्सीत हातभर लांब लेन्स घेतलेला एक पाहुणा तिच्या कॅमेऱ्याकडे पाहून म्हणाला, "चायना का? चायनाचं टिकत नाही."

समोर पाणवठ्यावर वाघीण बसली होती. कुसुम हळूच म्हणाली, "सर, ही वाघीण इथची नाई. तिकडे गडचिरोलीच्या बाजूनं आलेली हाये. फोटो काढता का जाऊ देता?"

पाहुण्यानं निमूट फोटो काढले.

*

मागच्या पावसाळ्यानंतर भाऊंच्या लेन्समध्ये मला बुरशी दिसली. काचेवर आतून कोळ्याचं जाळं पसरावं तशी. आपल्या दमट हवेत ती कोणालाच सोडत नाही. मी म्हणालो, "भाऊ, अर्ध्या दिवसाचं काम आहे. ठेवून जा, साफ करून देतो."

"जपानच्या मानसानं बसवलेला स्क्रू हाये तो. चंद्रपुरात नाई खोलाचा."

"अहो, बुरशी वाढेल, फोटो धुरकट येतील."

"जपानच्या काचेले बुरशी नाई लागत. तुह्या चष्म्याले लागली असन."

मी चष्मा पुसला. भाऊ लेन्स घेऊन गेले. मला त्यांचा राग आला आणि काळजीही वाटली, कारण सातव्यांदा फोटो पाठवायची वेळ जवळ आली होती.

*

उन्हाळ्यात भाऊ सफारीला गेले. गाइड कुसुम. ती पुढे ड्रायव्हरजवळ, भाऊ तिच्या मागच्या सीटवर. वाघीण दोन पिल्लांना घेऊन रस्त्यावर आली आणि मागच्या पिल्लानं वळून थेट जिप्सीकडे पाहिलं. दोघांनीही एकाच वेळी बटण दाबलं. दोघांनीही तोच फोटो निवडीला पाठवला. भाऊंनी सगळ्या बल्लारपूरला सांगून, कुसुमनं कोणालाच न सांगता. मला माहीत होतं, कारण दोन्ही प्रिंट माझ्याच दुकानात निघाल्या. नाव मागच्या बाजूला लिहायचं, असा यंदाचा नियम होता.

निकालाच्या दिवशी आम्ही सगळे त्या हॉलमध्ये. भाऊंनी पांढरा शर्ट इस्त्री करून घातलेला. वनखात्याचे साहेब नवीन होते. निवडता निवडता टेबलावर दोनच प्रिंट उरल्या आणि त्या जुळ्या बहिणींसारख्या होत्या.

"क्षण एकच आहे, माझं मत दोन्हीकडे झुकतंय," साहेब म्हणाले आणि समोर बसलेल्या भाऊंच्या पिकल्या केसांकडे पाहून त्यांना सुचलं, "काका, तुम्ही जुने जाणकार दिसता. तुम्हीच सांगा, कोणता लावू?"

मी खुर्चीतून अर्धा उठलो. पण बोलणार काय? एवढ्या लोकांसमोर भाऊंचा फोटो कोणता ते सांगितलं असतं तर निवडीला अर्थ उरला नसता. मी परत बसलो. तोवर भाऊ टेबलाशी पोचले होते. आपला फोटो इथवर आलाय, हे त्यांना पाहताक्षणी समजलं. चेहरा असा उजळला की मला पाहवेना. दोन्ही प्रिंटवर ते आळीपाळीनं वाकले. मग एकीवर बोट ठेवलं.

"हा, साहेब. ही जपानची काच हाये. पिल्लाच्या मिशीचा केस न् केस मोजून घ्या." दुसरी प्रिंट त्यांनी दोन बोटांनी बाजूला सारली. "अन् हा चायनाचा. पाह्यना, धुक्यात काढल्यासारखा दिसून राह्यला."

साहेबांनी निवडलेली प्रिंट पलटली आणि मोठ्यानं कुसुमचं नाव वाचलं. भाऊंनी ते ऐकलं. दुसरी प्रिंट त्यांनी स्वतःच पलटली, वाचली आणि पुन्हा सुलटी करून ठेवली.

मोरेश्वरसारखा मोरेश्वर, तोही खाली पाहत होता. कुसुम रडवेल्या आवाजात म्हणाली, "साहेब, भाऊचाच लावा. माह्यावाला राहू द्या."

"नाई," भाऊ म्हणाले. "निवड मी केली हाये. बदलनार नाई."

मग त्यांनी तिच्यापुढे हात केला. तिनं कॅमेरा दिला. भाऊंनी चष्मा कपाळावर चढवला, लेन्स उलटी केली, बारीक अक्षरं दोनदा वाचली. खिशातून स्वच्छ रुमाल काढून तिची काच पुसली आणि कॅमेरा दोन्ही हातांनी तिला परत दिला.

"लिहून ठेवा, साहेब," ते म्हणाले. "ही लेन्स बनवनारा मानूस जपानमंदी शिकून आलेला असन."