आत्याचा कोरडा कूलर

माझी आत्या कूलरसमोर बसून उन्हानं गेली.

कूलर चालू होता.

आज वर्ष झालं.

शांताआत्या, माझ्या वडिलांची थोरली बहीण. वडील गेल्यावर तिनंच मला वाढवलं. मुकुंदवाडीत एक खोली, वर पत्रा. उस्मानपुऱ्यातल्या एका मेसमध्ये भांडी घासून तिनं माझा डिप्लोमा पूर्ण करून घेतला.

पुण्यात नोकरी लागली तेव्हा म्हणाली, "जा आता. सारखं सारखं येऊ नको, तिकिटाला पैसे लागतेत."

आणि दुसऱ्याच रविवारी फोन. "कामून नाय आला रे?"

अशी होती. भांडल्याशिवाय तिला लाड करताच यायचे नाहीत.

आमच्या गल्लीत निम्मी घरं आपली जयभीमवाल्यांची, निम्मी मुसलमानांची. पत्रा सगळ्यांच्या डोक्यावर.

माझ्या लहानपणीही तो तापायचा. पण दिवस बुडाला की दारात बाज टाकायची, वारं लागायचं, डोळा लागायचा. आता अंधार पडला तरी पत्रा निवत नाही. उन्हाळाही होळीपर्यंत थांबत नाही.

म्हणून पहिला बोनस मिळाल्याबरोबर शहागंजातून कूलर घेतला आणि रिक्षात घालून घरी आणला.

"एवढं धूड कशाला आणलं? आता मी बसू कुठं?"

"कूलरवर बस."

"मेल्या!"

लई खूश झाली होती. गल्लीतल्या सगळ्या बायांना बोलवून दाखवला.

मग रोज लंच ब्रेकमध्ये माझा फोन. "आत्या, कूलर लावला का?"

"ऐक की." ती मोबाईल कूलरजवळ धरायची. घर्रर्र. "आला का आवाज?"

"गार लागतंय का?"

"लई गार. चादर घिऊन बसलीय."

मी हसायचो. निवांत डबा खायचो.

गेल्या मे महिन्यात एका दुपारी शेजारच्या रुबीनाभाभी तिला हाक मारायला गेल्या, तर आत्या कूलरसमोर, पेटीला टेकून बसलेली. अंग तव्यासारखं तापलेलं. बोलवलं तरी ओ देईना. भाभींनी तिला रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. मी पुण्याहून पोचायच्या आत सगळं संपलं होतं.

कागदावर लिहिलं, हृदय बंद पडलं.

खरंच आहे. सगळ्यांचंच शेवटी हृदय बंद पडतं. त्या उन्हाळ्यात आमच्या गल्लीतली आणखीही म्हातारी माणसं गेली, पण कुणाच्याच कागदावर ऊन आलं नाही.

मी भाभींना म्हणालो, "अहो, कूलर तर चालू होता ना?"

भाभी रडत रडत म्हणाल्या, "चालू था भैय्या. पानी कहां डालती थी आपा उसमें?"

मी टाकीचं झाकण उघडलं.

आत कांदे.

हो, कांदे. हवेशीर राहतात म्हणून. पंपाची वायर काढून नीट गुंडाळून ठेवलेली. नुसता पंखा सुरू. पत्र्याखालची गरम हवा अंगावर घेत बसायची, आणि मला फोनवर चादर सांगायची.

आमच्याकडं नळ कधी येईल ते नळालाच माहीत. आला की अख्खी गल्ली ड्रम, हंडे, तांबे, जे हाताला लागेल ते भरून ठेवते. कूलरला रोज दोन-तीन बादल्या लागतात. आत्याकडं तेवढं पाणी नव्हतं, असं मात्र नाही.

तिच्या दारात रांजण होता. रिक्षावाले, भंगार वेचणाऱ्या बाया, शाळेची पोरं, सगळे तिथं पाणी प्यायचे. जयंतीला पांढरी साडी नेसून ती स्वतः तांब्यानं पाणी द्यायची. कूलरचं पाणी त्या रांजणात जायचं.

भाभींनी एकदा तिला टोकलं होतं. तेव्हा आत्या म्हणाली होती, "माझ्या मायला गावात वरून पाणी वतायचे, वंजळीत. हिरीला हात लावू देत नव्हते. आन् मी पेयाचं पाणी मशीनला पाजू व्हय?"



राग येतो तिचा. अजून येतो. आणि लगेच इतकी आठवण येते की राग कुठल्या कुठं जातो.

रस्त्यापलीकडं सोसायटी आहे. तिथं झाडं आहेत, टँकर येतो. ऊन त्यांच्यावरही तेवढंच पडतं. पण तिथल्या आजीला कूलर आणि रांजण यांतलं एक निवडावं लागत नाही.

आज सकाळी आत्याच्या वर्षाचं पुण्यानुमोदन झालं. वंदना झाली, खीर वाटली. मग भाभींच्या सासूबाईंना, अम्मींना भेटायला गेलो. आत्याचा कूलर मी यंदा त्यांना दिलाय.

"अम्मी, कूलर कैसा है?"

"चालू है बेटा. बोहोत ठंडा."

मी झाकण उघडलं.

कोरडा ठाक.

अम्मी खाली बघत म्हणाल्या, "नल नई आया बेटा."

मी कोपऱ्यावरच्या दुकानातून पाण्याचे जार आणले आणि टाकीत ओतायला लागलो. अम्मी ओरडल्या, "अरे अरे! पीने का पानी है वो!"

हुबेहूब आत्या.

मी ओतत राहिलो. पंपाची वायर जोडली. गवत भिजलं, वास आला. अम्मींनी पदर सारखा केला, तोंड कूलरकडं केलं आणि डोळे मिटले. थोड्या वेळानं खरंच म्हणाल्या, "चादर दे रे."

मला तिथं बसवेना. बाहेर येऊन आत्याच्या दारातल्या रांजणाजवळ रडलो.

मित्रांनो, पत्र्याखाली राहणारं तुमचं कुणी असेल तर दुपारी फोन करा. कूलर चालू आहे का, असं विचारू नका. त्यात पाणी आहे का, ते विचारा. आणि नसेल तर घेऊन जा.

आत्या, रांजण आज मीच भरलाय. एरवी भाभी भरतात. तुझ्या दारातून कुणी तहानलेलं जात नाही.

आता तरी तू पोटभर पाणी पी.

जय भीम, आत्या.