रेस्टीचे गुडघे

कालिसिझोच्या बाजारामागे डांबर संपून तांबडी माती सुरू होते, तिथे रेस्टी नाकालेमा आपल्या आत्याकडे राहायची. आत्याला तिकडे सेंगा म्हणतात. सेंगा म्हणजे नुसती बापाची बहीण नव्हे. मुलीला वळण लावायचा अधिकार आईपेक्षाही तिचा मोठा. रेस्टीला वळण असं पक्कं लागलं होतं की वडीलधारं माणूस दिसलं की तिचे गुडघे जमिनीला टेकलेच म्हणून समजा. रस्त्यात चिखल असो, डोक्यावर पाण्याचा कॅन असो. कंपालात पदवी घेतली त्या दिवशीसुद्धा भाड्याच्या काळ्या झग्यासकट खाली बसून तिने बापाच्या हातात तो कागद दिला होता.

त्याला आता सहा वर्षं होत आली. पदवीच्या जेवणात दोन बोकड कापले गेले आणि अख्खा गाव जेवून गेला. मग चपला झिजवणं सुरू झालं. जाईल तिथे एकच विचारणा, अनुभव किती? अरे, अनुभव काय बाजारात केळ्यांच्या घडासारखा टांगलेला असतो, घ्यावा आणि यावं? शेवटी ती बाजाराच्या तोंडाशी एका लाकडी खोक्यात बसून लोकांच्या मोबाइलवर पैसे चढवू-उतरवू लागली. संख्याशास्त्राची पदवी भिंतीवर, आणि पदवीधर खोक्यात.

मग तिला तो ऑनलाइन वर्ग सापडला. बेकार पदवीधरांसाठी, सोळा आठवड्यांचा. आकड्यांचे तक्ते बनवायचे, ऑफिसची पत्रं लिहायची, कॅमेऱ्याकडे बघून स्वतःबद्दल न लाजता बोलायचं. हे शेवटचं तिला सगळ्यात जड गेलं. शेवटी एक परीक्षा. पंच्याहत्तर गुण मिळाले तर एका विमा कंपनीचं घरबसल्या काम पक्कं. पण पदवीला सहा वर्षं उलटलेल्याला तिथे दार बंद होतं. रेस्टीची सहा वर्षं त्याच महिन्यात भरत होती. म्हणजे ही पहिली आणि शेवटची संधी, मध्ये काही नाही.

परीक्षेचे नियम तिला तोंडपाठ होते. शनिवारी सकाळी दहा वाजता, दीड तास. चेहरा सतत कॅमेऱ्यात दिसला पाहिजे. दिसेनासा झाला की एक लाल खूण, आणि तीन खुणा झाल्या की परीक्षा तिथेच बंद. बोलायचं नाही, खोलीत दुसरं कुणी नको. हे नियम करणाऱ्याच्या घरात सेंगा नसावी.

नेटवर्क फक्त बैठकीच्या खोलीत येई, त्यामुळे टेबल तिथेच मांडावं लागलं. दार मात्र उघडं. दिवसाढवळ्या दार लावलं की घरात भांडण झालंय किंवा कुणी गेलंय असं समजून निम्मी आळी गोळा होते, हे ती जाणून होती. दारावर तिने कागद चिकटवला, "परीक्षा चालू आहे, आत येऊ नये." सेंगाने तो पाहिला, मान डोलावली, आणि दहा वाजून दहा मिनिटांनी चहाचा कप घेऊन आत आली.

"अगं, उपाशीपोटी डोकं चालतं का?"

रेस्टीच्या डोक्याला कळायच्या आत गुडघ्यांना कळलं. ती खाली गेली, दोन्ही हातांनी कप घेतला आणि वर आली तेव्हा पडद्याच्या कोपऱ्यात लाल खूण लागलेली होती. तिने सेंगाकडे बघून नुसते डोळे मोठे केले.

"डोळे कुणाला वटारतेस?" सेंगा म्हणाली, आणि मग तिचं लक्ष पडद्याकडे गेलं. लाल रंग काही चांगला नसतो एवढं तिलाही समजत होतं. ती उलट्या पावली बाहेर पडली.

अर्ध्या तासाने सालोंगो आला. जुळ्यांचा बाप म्हणून सगळे त्याला याच नावाने हाक मारत. शिवाय तो आळीचा अध्यक्ष. कागद वाचणं हे अध्यक्षाचं काम नव्हे. "घरात कुणी आहे का नाही?" म्हणत तो थेट आत आला. रेस्टीने टेबलाची कड घट्ट धरली. मनाला बजावलं, बस, बसून राहा. गुडघ्यांनी ऐकलं नाही.

दुसरी खूण!

सेंगाने सालोंगोला दंडाला धरून बाहेर काढलं. अध्यक्षाला! "जेवायला या, लग्नाला या, पण आज या दारात पाऊल टाकाल तर माझ्याशी गाठ आहे," असं ती अंगणात बजावत होती, तेही गुडघ्यांवर बसून. मग तिने उंबऱ्यावर चटई टाकली आणि पाय पसरून आडवी बसली. मांजरसुद्धा आत गेलं नसतं.

चहा तसाच गार झाला. पासष्ट मिनिटं झाली, मग सत्तर. मोठा तक्ता अर्धा भरला होता, त्यात एक बेरीज जुळत नव्हती आणि ती पुन्हा करायला वेळ फारसा उरला नव्हता. तेवढ्यात बाहेर मोटारसायकल थांबली.

"दादा, तुम्ही?" सेंगाचा आवाज एकदम मऊ झाला.

ताता आले होते, तिचे वडील, योझेफु मुकालाझी, चाळीस किलोमीटरवरून, केळ्यांचा घड मोटारसायकलला बांधून. सेंगा चटईवर गुडघे टेकून ख्यालीखुशाली विचारू लागली. रात्र कशी गेली, घरचे कसे आहेत, कॉफीची झाडं काय म्हणतात. एकाच्या "हं"ला दुसऱ्याचा "हं". ती ते जमेल तेवढं लांबवत होती. पण मोठा भाऊ तो मोठा भाऊ. त्याला अडवून बसायचं वळण सेंगाला कुणी लावलं नव्हतं.

ताता आत आले. टोपी काढली. लेकीपासून दोन हातांवर उभे राहिले आणि वाट पाहू लागले.

रेस्टी बसून राहिली. तिने घोटे खुर्चीच्या पायांभोवती अडकवले. तिने मान वळवली नाही, शब्द काढला नाही. आकड्यांवरून डोळे फिरत होते, पण दिसत काहीच नव्हतं. लेक खुर्चीवर आणि बाप उभा! जन्मात असं झालं नव्हतं. सोळा आठवडे त्या मास्तरांनी कॅमेऱ्याकडे बघायला शिकवलं, बापाकडे न बघायला कुणी शिकवलं नव्हतं.

तातांनी खिशातून केळीच्या सोपटाची लहानशी पुडी काढली, टेबलावर तिच्या हाताजवळ ठेवली. पुन्हा थोडं थांबले. मग टोपी घालून बाहेर निघून गेले.

सेंगा आणि सालोंगो कॅमेऱ्याच्या टप्प्यात आले नव्हते, ताता आले होते. पडद्यावर पिवळी पट्टी आली, "खोलीत दुसरी व्यक्ती. वस्तू दिली गेली. परीक्षक बोलतील."

डोळे पुसायला हात वर न्यावा की नाही, हेही तिला समजेना. ती तशीच रडत बेरीज करत राहिली, आणि कशी कोण जाणे, बेरीज जुळली. साडेअकराला पडदा थांबला. एक्क्याऐंशी गुण. खाली लिहिलेलं, "निकाल रोखला आहे."

मग परीक्षक दिसला. कंपालाचा कुणी किवुम्बी, टाय लावलेला, तिच्याहून लहानच असावा.

"मॅडम, तुम्हाला पुडी कोणी दिली?"

"माझ्या वडिलांनी."

"उघडा. कॅमेऱ्यासमोर."

सोपटात भाजलेल्या कॉफीच्या बिया होत्या, चघळायच्या. ती विद्यापीठात निघाली त्या दिवशीही त्यांनी अशाच दिल्या होत्या.

"एवढंच? आणि काय सांगितलं त्यांनी?"

"काही नाही. ते थांबले होते."

"कशासाठी?"

तिला ते सांगवेना. किवुम्बीने कपाळाला आठ्या घातल्या. "बघा मॅडम, मागच्या महिन्यात एकाचा मामा असाच काही न बोलता आला होता. उत्तरं जपमाळेत होती. वडील असतील तर बोलवा त्यांना. नाहीतर मला हे बंद करावं लागेल."

सेंगाने तातांना आत आणलं. ते पडद्यासमोर उभे राहिले, लेकीकडे न बघता. आणि आधी त्यांनी रीतसर विचारपूस केली. रात्र कशी गेली, बाळा? तुझे आईबाप कसे आहेत? टाय लावलेला पोरगा नकळत खुर्चीत सावरून बसला आणि "हं"ला "हं" देत गेला.

"बाबा," तो शेवटी म्हणाला, "तुम्ही मुलीला परीक्षेत मदत केलीत का?"

"मदत?" तातांचा आवाज चढला. "मदत करायलाच आलो होतो मी. पहाटे उठून बिया भाजल्या. आणि या पोरीने माझ्याकडे ढुंकून पाहिलं नाही! मी उभा, ही बसलेली. गुडघे राहू देत, मानसुद्धा वळवली नाही. मी भिंत आहे का? मी शेळी आहे का? तू शिकलेला आहेस, तूच सांग, असल्या पोरीला बाप काय मदत करणार?"

किवुम्बीने मागे जाऊन ते चित्रण पुन्हा पाहिलं असावं, कारण बराच वेळ तो दुसरीकडे बघत होता. रेस्टी खाली मान घालून बसली होती. बापाचा शब्द न् शब्द खरा होता, आणि तो खरा होता म्हणूनच ती वाचत होती.

"मॅडम," तो हळू आवाजात म्हणाला, "माझी आईसुद्धा तुमच्याच बाजूची, मसाकाची आहे." मग त्याने काहीतरी दाबलं. पिवळी पट्टी गेली. "उत्तीर्ण. सोमवारी आठ वाजता हजर राहा." आणि पडदा काळा झाला.

रेस्टी खुर्चीवरून अक्षरशः कोसळली. गुडघे टेकून, दोन्ही हात मांडीवर घेऊन ती म्हणाली, "ताता, रात्र कशी गेली?"

ताता तिच्यापासून दोन हातांवर उभे राहून समोर भिंतीवरच्या पदवीकडे बघत राहिले. सेंगा काही बोलायला गेली, तर त्यांनी हात वर केला. ते मघाशी जितका वेळ उभे राहिले होते, तितका पुरता वेळ त्यांनी तिला तसंच ठेवलं. तिने मान वर केली नाही. तिला तो वेळ नेमका किती होता हे ठाऊक होतं.

"हं," ते शेवटी म्हणाले. मग घसा खाकरून म्हणाले, "बरी गेली. ऊठ आता, केळी कोण सोलणार?"

आता रेस्टी रोज आठ ते पाच त्याच टेबलाशी बसते. ताता महिन्यातून एकदा येतात, फणसाच्या झाडाखाली स्टूल घेऊन पाच वाजायची वाट बघतात, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात, लेकीची ड्यूटी चालू आहे. सालोंगोलासुद्धा तिथेच अडवतात. पाचला ती बाहेर येऊन मातीत गुडघे टेकते, आणि ते लगेच "हं" म्हणतात. सेंगा कितीदा म्हणाली, दादा, आत बसा, पंखा आहे. पण त्या खोलीत ते पुन्हा कधी गेले नाहीत.