बारा थाउंचा संताप

माझ्या ताईचे सासरे, अण्णा, आयुष्यभर एका शब्दावर चिडलेले होते, आणि तो शब्द म्हणजे 'अंदाजे'. माणूस खोटं बोलला तर त्यांना एक वेळ चालायचं, कारण खोटं बोलणाऱ्याला निदान खरं काय ते ठाऊक असतं. पण अंदाजे बोलणारा समोर आला की त्यांच्या कपाळावरची शीर उडू लागायची. इंदूरच्या एका कापड गिरणीच्या टूल रूममध्ये त्यांनी तीस वर्षं काढली होती. तिथे इंचाच्या हजाराव्या भागाला 'थाउ' म्हणत, आणि अण्णांचं सगळं जग थाउंत मोजलेलं असायचं. डॉक्टर म्हणाले, "थोडा ताप आहे," तर हे अंथरुणात उठून बसत. "थोडा म्हणजे किती? आणि तुमचा थर्मामीटर कुणी तपासलाय?" ताईच्या लग्नात वधूवरांचे पाट एका उंचीचे नाहीत हे त्यांच्या लक्षात आलं, तेव्हा अंतरपाट धरलेला होता. भटजी मंगलाष्टकं म्हणत राहिले आणि नवरदेवाचे वडील सुताराला हाका मारत राहिले. गिरणीचा भोंगा चाळीस सेकंद उशिरा वाजला की निवृत्तीनंतरही ते मॅनेजरला पत्र लिहीत. राजधानी इंदूर सोडून भोपाळला गेली याचाही त्यांना राग होता, पण इतरांसारखा नाही. "मध्यावर आहे म्हणतात. कुणी मोजलं?" एवढाच त्यांचा सवाल होता.

नवा मध्यप्रदेश होऊन थोडीच वर्षं झाली होती तेव्हाची ही गोष्ट. मी शिकायला ताईकडे राहत होतो. माझा थोरला भाऊ, दादा, मानपूरला आमची शेती बघायचा. रानडुकरांनी मक्याचा सत्यानाश चालवला होता. कचेरीत पुष्कळ खेटे घालून दादाने तीनशे पंधरा बोअरच्या, म्हणजे तेवढ्या थाउंच्या नळीच्या, रायफलीचं लायसन मिळवलं, आणि छावणीतल्या एका दुकानातून, फौजेने निकालात काढलेली आणि लायसनच्या मापाची करून दिलेली एक जुनी रायफल घेतली, दहा काडतुसांसकट. गावी जाण्याआधी जरा मिरवावं म्हणून तो ती घेऊन ताईकडे आला, आणि तिथेच चुकला.

अण्णांनी चष्मा पुसून रायफल उजेडात धरली. "कितीची आहे?"

"तीनशे पंधराची, अण्णा. काडतूस बरोब्बर बसतं, दुकानदाराने बसवून दाखवलं."

"ते मी विचारलं नाही. हे बघ, इथे जुना आकडा घासून काढलाय आणि वर नवा ठोकलाय. तिरका ठोकलाय. ज्याला आकडा सरळ ठोकता येत नाही त्याने आत काय केलं असेल?"

दादाच्या तोंडावर आलेलं उत्तर मी पाहिलं आणि ते त्याने गिळलेलंही पाहिलं. दुसरा कुणी असता तर दादाने त्याला दाराबाहेर काढलं असतं, पण बहिणीच्या सासऱ्यापुढे भाऊ काय बोलणार. त्याने फक्त, "अंदाजे ठीकच असेल की," असं म्हटलं, आणि मी डोळे मिटून घेतले.

पुढचे दोन दिवस त्या घरात रायफलीशिवाय काही झालं नाही. अण्णांनी स्वयंपाकघरातल्या पळीत गंधक वितळवलं आणि नळीच्या मागच्या टोकाला, जिथे काडतूस बसतं तिथे ओतून त्या जागेचा साचा काढला. रायफल उभी धरून ठेवायचं काम माझ्याकडे होतं. घरभर वास सुटला, ताईने पळी कायमची बाद केली, आणि अण्णा गंधकालाच रागावले, कारण पहिला साचा तुटला. दुसरा नीट निघाला. मग शिशाचा एक मऊ तुकडा नळीतून ठोकत पार केला आणि टूल रूममधल्या जुन्या सहकाऱ्याकडून मायक्रोमीटर मागून आणून दोन्ही मोजले. तीन तीनदा मोजले. मग आकडे एका कागदावर लिहिले. 

"मागचं तोंड तीनशे पंधराचं आहे," ते शेवटी म्हणाले, "आणि पुढचा गळा फौजेच्या तीनशे तीनचाच ठेवलाय, बारा थाउ कमी. नळी बदलायला हवी होती. मेहनत वाचवली आणि नुसतं तोंड कोरून मोठं केलं. काडतूस मजेत बसेल. गोळीला पुढे वाट मिळणार नाही, नळी फुटेल. आणि हा गालाशी धरून उभा असणार." त्यांनी दादाकडे बोट केलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही तिघे दुकानात गेलो. दुकानदार हसतमुख होता. त्याने अण्णांचा कागद उलटा धरून पाहिला आणि म्हणाला, "अरे बाबूजी, उन्नीस-बीस का फर्क तो चलता है।"

"बारा थाउ," अण्णा म्हणाले. "एकोणीस-वीस नाही. आपने चलाके देखी है?"

"टेस्ट की हुई है।"

"तो फिर अभी चलाओ. दुकान के पीछे. गाल लगाके. मी इथे उभा आहे."

दुकानात चार गिऱ्हाइकं होती, ती दाराकडे सरकली. दुकानदाराने रायफलीकडे पाहिलं, अण्णांकडे पाहिलं, आणि हळूच, इंदुरी थाटात म्हणाला, "भिया, अपन तो बेचते हैं, चलाते नहीं।"

मी तीस वर्षं मास्तरकी केली, पण ऐकणाऱ्याला एवढा संताप यावा असं वाक्य पुन्हा ऐकलं नाही. दुकानदार रायफल परत घ्यायला लगेच तयार झाला. दादाचा जीव भांड्यात पडला, आणि अण्णांनी ते भांडंच उपडं केलं. "परत द्यायची नाही. हा ती उद्या हातोदच्या कुणा शेतकऱ्याला विकेल. त्याच्या बहिणीला सासरा असेलच असं नाही."

रायफल ठाण्यात जमा करायची ठरली. दादाचे पैसे गेले. त्या साली डुकरांनी निम्मा मका खाल्ला, आणि दादा वर्षभर ताईकडे आला नाही. "माणूस बरोबर असतो ते ठीक आहे," तो मला म्हणाला, "पण इतका?" ठाण्यातही तो आला नव्हता. सही करून लायसन माझ्या हाती दिलं आणि मानपूरची बस पकडली.

ठाण्यातली एक गोष्ट मी त्याला बरीच वर्षं सांगितली नाही. अण्णा गेल्यावर, तेराव्याच्या दिवशी दुपारी आम्ही दोघं ओसरीत बसलो होतो, तेव्हा सांगितली. हवालदार रजिस्टर शोधायला आत गेला होता. अण्णांनी खिशातून तेलाची एक छोटी बाटली आणि धोतराची चिंधी काढली आणि बाकावर बसून रायफल पुसायला घेतली. नळी, खटका, लाकडाच्या सांध्यातली धूळ, सगळं. हवालदार परत आला आणि म्हणाला, "बाबूजी, काहे को मेहनत? मालखाने में जंग ही खाना है।" अण्णा त्याच्यावर रागावले नाहीत. "खाऊ दे गंज," ते म्हणाले. "पण हिला मुळात कुणीतरी फार नीट बनवलं होतं. बिघडवली ती नंतरच्यांनी." आणि ते पुसत राहिले.



"तेल कुठलं होतं?" दादाने विचारलं.

"ताईच्या शिवणयंत्राचं."

"चांगलं असतं ते," दादा म्हणाला.