धाकट्याने आणलेल्या किल्ल्या

माझ्या दादाला माणसांचे चेहरे लक्षात राहत नाहीत. लग्नात गळाभेट घेतलेला व्याही महिन्याभराने रस्त्यात दिसला, तर दादा त्याला "बोला, कुठली किल्ली करायची?" असं विचारून मोकळा होतो. किल्ल्यांचं मात्र उलटं. एकदा त्याच्या कानशीखालून गेलेली किल्ली वीस वर्षांनी समोर टाका, खाचांवर अंगठा फिरवून तो दार सांगेल. वहिनी होती तेव्हा म्हणायची, मी हरवले तर हे पोलिसांना माझं वर्णन देऊ शकायचे नाहीत, माझ्या कमरेच्या किल्ल्यांचं देतील.

त्याचं दुकान म्हणजे एका जुन्या इमारतीच्या जिन्याखालची जागा. उभं राहिलं की डोकं जिन्याला लागतं, म्हणून चाळीस वर्षं तो बसून आहे. किल्ली तयार झाली की तिच्या डोक्याची कड तो बारीक कानशीने गोल करतो, गिऱ्हाइकाचा खिसा फाटू नये म्हणून. कुणी मागत नाही, कुणाला दिसतही नाही. जगाच्या खिशांचा ठेका तू घेतलायस का, असं मी त्याला चिडवायची. तो हसायचा आणि पुढची किल्ली घ्यायचा.

त्याचा एक नियम होता, आमच्या वडिलांपासून चालत आलेला. बंद घर उघडायला कुणी बोलावलं तर आधी शेजारची दोन दारं वाजवायची, हा माणूस इथलाच का ते विचारायचं, आणि मगच हत्यार काढायचं. चाळीस वर्षांत हा नियम त्याने एकदाच मोडला.

उन्हाळ्यातली दुपार होती. इस्त्रीच्या शर्टातला एक गृहस्थ त्याला घेऊन गेला. मावशी परगावी गेलीय, किल्ली हरवलीय, म्हणाला. दादाला सावलीत खुर्ची दिली, पाणी दिलं, तुमच्यासारखे कारागीर आता राहिले नाहीत असंही म्हणाला. कौतुक म्हटलं की आमचा दादा लोण्यासारखा वितळतो. त्याने शेजाऱ्यांना विचारलं नाही. कुलूप उघडलं, नवी किल्ली करून दिली आणि परत आला.

पाच दिवसांनी त्या घरातल्या निवृत्त शिक्षिकाबाई आतल्या जिन्याच्या पायथ्याशी मेलेल्या सापडल्या. त्या परगावी गेल्याच नव्हत्या. त्या दुपारी डोळे तपासायला दवाखान्यात गेल्या होत्या. तो माणूस त्यांचा कुणीच नव्हता. पहारेकरी पुरवणारी त्याची एजन्सी होती आणि बाईंचं घर त्याला कित्येक वर्षांपासून हवं होतं. पेपरात फोटोसह बातमी आली. दादाने ते दार ओळखलं, दुकान अर्ध्यावर टाकलं आणि स्वतःहून पोलीस ठाण्यात गेला. ओळख परेडीत नऊ माणसं रांगेत उभी केली होती. माझा विसरभोळा भाऊ सरळ एकासमोर जाऊन थांबला. त्या बातमीपासून तो चेहरा त्याच्या डोळ्यांसमोरून हललाच नव्हता.

त्या माणसाला मी थोरला म्हणेन, कारण पुढे त्याचा धाकटा भाऊ येतो. थोरल्याला त्या दाराशी जोडणारी एकच गोष्ट पोलिसांकडे होती, ती म्हणजे माझा दादा.

आता थोडं माझ्याबद्दल. मी कोर्टाच्या नकला विभागात आहे. न्यायाधीशांनी दिलेल्या आदेशाची प्रत मूळ कागदाशी शब्द न् शब्द ताडून शिक्का मारणं हे माझं काम. एकोणतीस वर्षांत जामिनाचे इतके आदेश डोळ्यांखालून गेलेत की झोपेत उठवलं तरी मी एक लिहून देईन. लोकांना वाटतं, जामीन म्हणजे सुटका. तसं नाही. खटला अजून चाललेला नाही, गुन्हा शाबीत नाही, तोवर माणसाला शिक्षा कशी भोगायला लावायची, एवढाच तो प्रश्न आहे. म्हणून कोर्ट बघतं, गुन्हा किती गंभीर आहे, हा पळून जाईल का, पुरावा नष्ट करेल का, साक्षीदारांवर दबाव आणेल का. आणेल, असं नुसतं म्हणून भागत नाही, ठोस काहीतरी दाखवावं लागतं. आणि ते बरोबरच आहे. जामीन राहायला कुणी नाही म्हणून वर्षानुवर्षं आत कुजलेली पोरं मी कागदांवर पाहिली आहेत. नुसत्या संशयावर माणूस कोंडू नये, असं मी चारचौघांत तावातावाने सांगत असे. मला तोंड आहे आणि ते मी वापरते.

थोरल्याचा पहिला अर्ज फेटाळला गेला, कारण तपास सुरू होता. मग दोषारोपपत्र दाखल झालं आणि दुसरा अर्ज आला. तपास संपला, अशील इथला कायमचा रहिवासी, घर आहे, धंदा आहे, म्हातारी आई आहे, पळून जाणार कुठे, असं त्याचे वकील म्हणाले. सरकारी वकील बाई म्हणाल्या, सारी केस एका साक्षीदारावर उभी आहे, हा बाहेर आला तर त्याच्यावर दबाव आणेल. न्यायाधीश साहेबांनी विचारलं, कशावरून? गुरुवारपर्यंत काही ठोस असेल तर आणा.

दुसरा अर्ज दाखल झाला त्याच आठवड्यात धाकटा दादाच्या दुकानावर येऊ लागला होता. वागायला अगदी नम्र. 'काका' म्हणायचा. आधी कपाटाचं कुलूप घेऊन आला, मग बॅगेचं. घासाघीस नाही, खटल्याचा शब्द नाही. दादाने त्याला ओळखलं नव्हतंच, ओळखणार कसा? शेजारच्या चष्मेवाल्याने सांगितलं की हा त्याचा भाऊ. गिऱ्हाईक म्हणून आलेल्या माणसाला हाकलायचं तरी कुठल्या तोंडाने, हे दादाला कळेना. कुलूप दुरुस्त करून घेणं हा काही गुन्हा नाही.

मग त्या गुरुवारच्या आधीच्या सोमवारी धाकट्याने एकच किल्ली समोर ठेवली आणि म्हणाला, हिच्यासारखी एक करून द्या.

दादाने ती उचलली आणि अंगठा फिरवला. कड गोल केलेली होती. पाच खाचा, तिसरी खोल. ती त्याच्या लेकीच्या घराची किल्ली होती. लेकीचं लग्न झालं तेव्हा ते कुलूप त्यानेच तिच्या दाराला बसवलं होतं.

त्याने काय करावं? त्याने किल्ली केली. हात आपोआप चालले, म्हणाला. फक्त तिसरी खाच त्याने मुद्दाम केसभर जास्त खोल कापली, म्हणजे दार उघडणार नाही. धाकट्याने ती उन्हात धरून पाहिली आणि हसला.

"बसली नाही तरी हरकत नाही, काका. मूळ माझ्याकडे आहेच."

दोन्ही किल्ल्या खिशात टाकून तो गेला. संध्याकाळी दादा माझ्याकडे आला तेव्हा त्याला चपला काढायचंही भान नव्हतं. मी संतापले. म्हटलं, हेच ते ठोस, लेखी दे. तिथूनच तो लेकीकडे गेला आणि नवं कुलूप बसवून आला. लेकीला कारण सांगितलं की जुनं अडकतंय.

मंगळवारी मी सरकारी वकील बाईंना व्हरांड्यात गाठलं. त्यांनी विचारलं, धमकीचे शब्द काय होते? म्हटलं, शब्द नाहीत. किल्ली कुठे आहे? म्हटलं, त्याच्याकडे. बाईंनी चष्मा काढून कपाळ चोळलं. म्हणाल्या, समोरचे वकील म्हणतील, कुलूप याने बसवलं, किल्ली यानेच केली, असल्या पन्नास किल्ल्या हा घरबसल्या करेल. पण साहेब समंजस आहेत, तुमच्या भावाला गुरुवारी घेऊन या, त्याने स्वतःच्या तोंडाने सांगितलं तर मी शेवटपर्यंत भांडेन. मी हे दादाला सांगितलं. त्याने मान हलवली. बऱ्याच दिवसांनी त्याचा चेहरा मला हलका वाटला. त्या शिक्षिकाबाईंच्या दाराशी आपण कुणाला विचारलं नाही, हे त्याला आतून पोखरत होतं. निदान आता बोलता येईल, असं त्याला वाटत असणार.

गुरुवारी सकाळी आम्ही कोर्टाच्या पायऱ्या चढत होतो. मधल्या वळणावर दादा थांबला.

"काल दुपारी आला होता. नव्या कुलपाची घेऊन."

मला आधी कळलंच नाही. मग कळलं. कुलूप बसवून दोन दिवसही झाले नव्हते. मी तिथेच कठडा धरून उभी राहिले आणि डोकं चालवू लागले. लेकीची किल्ली तिच्या पर्समध्ये असते. जावई औषधांच्या कारखान्यात आहे. आत जाताना मोबाइल, किल्ल्या, सगळं गेटवरच्या ट्रेमध्ये ठेवावं लागतं आणि पाळी संपल्यावर परत मिळतं. गेटवरचे पहारेकरी कुठल्या एजन्सीचे, ते मला ठाऊक होतं. त्यांच्या खाकी बाहीवरचं नाव मी दोषारोपपत्रात थोरल्याच्या नावापुढे वाचलं होतं. म्हणजे आणखी दहा कुलपं बदलली तरी दहा किल्ल्या त्या ट्रेमध्येच पडणार. आणि जावई कामावर असतो त्या आठ तासांत घरात माझी भाची आणि तिची तीन वर्षांची मुलगी, दोघीच असतात.

एकोणतीस वर्षं जे शब्द ताडून पाहिले, त्यातला एकही कामाला येईना.

सरकारी वकिलांच्या खोलीत तपास अधिकारी घाईत होते. त्यांच्या हातात आणखी तीन प्रकरणांच्या फायली होत्या. बाई आत साहेबांपुढे उभ्या होत्या. अधिकाऱ्यांनी कोरा कागद पुढे ओढला आणि दादाला विचारलं, कुणी धमकावलं, आमिष दाखवलं, असं काही? दादाने खुर्चीत सरळ बसून घसा साफ केला.

"काही नाही, साहेब," मी म्हणाले. "कुणी काही बोललेलं नाही."

अधिकाऱ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी कोर्टातलीच, ओळखीची. मग दादाकडे वळले. "का हो, बरोबर ना?"

दादा माझ्याकडे बघत राहिला. त्याला चेहरे लक्षात राहत नाहीत, पण माझा चेहरा त्याने त्या वेळी नीट पाहिला.

"ही म्हणतेय ते," तो म्हणाला.

अधिकाऱ्यांनी दोन ओळी लिहिल्या आणि सही घेतली. दुपारनंतर जामीन मंजूर झाला.

आदेशाची प्रत दोन दिवसांनी माझ्याच टेबलावर आली. शेजारणीकडे सरकवता आली असती, पण मी सरकवली नाही. साहेबांची यात काही चूक नव्हती. समोर जे ठेवलं, त्यावर त्यांनी लिहिलं, आणि नेहमीसारखं स्वच्छ लिहिलं. केवळ शक्यतेवरून स्वातंत्र्य हिरावता येत नाही. प्रमुख साक्षीदाराकडे विचारणा केली असता आपणास कोणतीही भीती नसल्याचे त्याने सांगितले. अर्जदाराने साक्षीदारांशी प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष संपर्क साधू नये. दर सोमवारी ठाण्यात हजेरी द्यावी. मी एकेक शब्द ताडला. एकही चूक निघाली नाही. शिक्का मारला.

प्रत न्यायला खिडकीशी धाकटा आला होता. त्याला मी प्रथमच जवळून पाहत होते. गोरा, तरतरीत, खिशाला पेन. कागद घेऊन त्याने घडी केली.

"धन्यवाद, आत्या," तो म्हणाला.

मला आत्या म्हणणारी एकच व्यक्ती या जगात आहे, ती माझी भाची. मी खिडकी बंद करून घेतली. पुढे रांग होती तरी.

तोवर आम्ही लेकीला आणि जावयाला सगळं सांगितलं होतं. जावई आता किल्ली दोऱ्यात ओवून गळ्यात घालतो. पहिल्याच दिवशी गेटवरच्या पहारेकऱ्याने त्याला सांगितलं, धातूचं काही आत नेता येत नाही, काढून ट्रेमध्ये ठेवा. नियम सगळ्यांना सारखा.

प्रत दिली त्या संध्याकाळी मी दुकानावर गेले. दादा कानस चालवत होता. मी जिन्याच्या खालच्या पायरीवर बसले. धाकटा येऊन गेला, हे त्यानेच सांगितलं.

"हात जोडले त्याने. म्हणाला, काका, तुमचे उपकार आमचं घर विसरणार नाही." त्याने कानस खाली ठेवली. "त्यांनी आभार मानावेत असं काय केलं गं आपण?"

मला लाज वाटली. भीती गेली नव्हतीच, तिच्यात ही भर. पोरीसाठी केलं रे, असं मी म्हणाले. हे खरं आहे, आणि एवढंच खरं आहे असंही नाही, कारण त्या खोलीत मला पोर आठवत होती की माझेच गार पडलेले हात, हे मला आजही सांगता येत नाही. दादाने ऐकून घेतलं. तो रागावला असता तर बरं झालं असतं.

"तुला दोष देत नाही मी. माझीही जीभ उचलली नाही," तो म्हणाला. मग दुसऱ्या गिऱ्हाइकाची किल्ली घेऊन त्याने तिची कड घासायला सुरुवात केली आणि मान वर न करता म्हणाला, "साक्षीचं समन्स येईल ना, त्या दिवशी तू माझ्याबरोबर येऊ नकोस."

मी बरं म्हटलं.