नीरेच्या खडकावरचा पहिला फटका

भुताखेतांवर माझा कधीच विश्वास नव्हता. असणार कसा? ऐन उमेदीत नरसिंहपूरच्या वाटेवर पांढरं धोतर पांघरून मी स्वतःच दोनदा भूत झालो होतो! दुसऱ्या खेपेला एका न घाबरणाऱ्या गवळ्याने मला असा बडवला, की आठवडाभर पालथा झोपत होतो. त्यामुळे पुढची हकिगत मी सांगायला लागलो की लोक आधीच हसतात. हसा. पण शेवटपर्यंत वाचा.

साल नक्की आठवत नाही – चौपन्न किंवा पंचावन्न. मी इंदापूर तालुक्यातल्या एका साखर कारखान्यात स्टोअरवर कारकून होतो. माझी थोरली बहीण, अक्का, लासुर्ण्यात दिलेली. तिचे यजमान म्हणजे आमचे दाजी. बारा एकर ऊस, मनगट नांगराच्या मुठीएवढं, आणि राग नाकाच्या शेंड्यावर. पण माझ्यावर जीव. आईवडील लवकर गेले, तेव्हा मला अक्काच्या घरात ठेवून याच माणसाने मॅट्रिकपर्यंत शिकवलं. मला हक्काचं म्हणावं असं ते एकच दार होतं.

कारखान्याच्या इंजिनियर साहेबांना गळाने मासे धरायचा भारी नाद. गळीत हंगाम सुरू व्हायच्या आधी त्यांनी नीरेवर एक स्पर्धा ठेवली. सकाळी आठ ते दुपारी चार, माणशी एक काठी, जाळं चालणार नाही, आणि ज्याची मरळ सगळ्यांत वजनदार त्याला साहेबांचा चाक लावलेला विलायती गळ बक्षीस. मरळ म्हणजे सापाच्या तोंडाचा, दात असलेला, झडप घालणारा मासा. जिवंत बेडकावर धावून येतो.

मी नाव दिलं, दाजींनाही ओढलं. माझी काठी बांबूची, आणि मासेमारीचं ज्ञान पूर्णपणे ऐकीव. दुपारी बारापर्यंत मी दोन वेळा स्वतःचा सदरा, एकदा बाभळ आणि एकदा साहेबांच्या शिपायाची टोपी एवढं पकडलं होतं. दाजींनी मात्र दोन मरळी टोपलीत टाकल्या होत्या.

“वसंता, टोपीचं वजन करून घे,” दाजी म्हणाले. “शिपायासकट भरली तर पैला नंबर तुजा.”

काठावरची पंचवीस माणसं खो खो हसली. मी चिडलो. काठापासून वीसेक पावलांवर, गुडघाभर पाण्यातून जाता येईल असा एक सपाट काळा खडक होता. त्याच्या पलीकडे डोह. मी टोपली-काठी घेऊन तिकडे निघालो. दाजींना पोहता येत नव्हतं, तरी ते मागोमाग आले.

“तुज्या अक्कानं सांगितलंय, पोराला एकटं सोडू नगा,” ते पुटपुटले. मी तेव्हा सव्वीस वर्षांचा होतो!

हस्त नक्षत्र लागलेलं. आमच्याकडे वर्षभराचा पाऊस त्या चार दिवसांत पडायचा तर पडतो. सकाळी ऊन असं की खडकाला पाय टेकवेना. दोनच्या सुमारास वारा एकदम पडला. बारामतीच्या बाजूला आभाळ शाईसारखं झालं. काठावरून शिट्टी वाजली – सगळ्यांनी वर या म्हणून.

नेमकं तेव्हाच मला ते दिसलं. खडकाच्या कडेला पाण्यात तांबूस ढग उकळल्यासारखा हलत होता. मरळीची पिल्लं! शेकड्यांनी. आणि त्यांच्या खाली हातभर लांब सावली.

सकाळीच म्हाताऱ्या भोई तात्यांनी सगळ्यांना बजावलं होतं, “पिल्लांवरची मरळ धरायची न्हाय. आईबाप तितनं हलत न्हाईत, म्हनून लई सोपी गावते. सोपी हाय म्हनूनच धरायची न्हाय.” नदीवरची माणसं हे पाळत. पिल्लांचा ढग दिसला की गळ उचलून पुढे जात.

मी बेडूक बरोबर त्या ढगात सोडला.

“वसंता! पिल्लं हायत तितं!” दाजी मागून ओरडले.

“बघू नका तिकडं,” मी म्हणालो.

झटका असा बसला की काठी धनुष्यासारखी वाकली. मी दोन्ही हातांनी काठी धरून पाय रोवले. आणि मागून आवाज आला – ओल्या चामड्यावर काठी पडावी तसा. सण्णकन.

मान वळवून बघतो तो दाजी गुडघ्यांवर बसलेले, डावा कान धरलेला, बोटांमधून रक्त.

“मला मारतोस व्हय रं? मला?”

मला काही बोलायला वेळच मिळाला नाही. त्यांची मूठ माझ्या तोंडावर बसली. पुढचा दात तुटला तो मी गिळला. काठी हातातून गेली, मरळ गेली. मी रडवेला होऊन त्यांच्या पोटात डोकं घातलं. उपकारकर्त्या माणसाला मी लाथा घातल्या, चावलोसुद्धा. त्यांनी माझा गळा दोन्ही हातांनी आवळला. डोळ्यांपुढे काजवे चमकायला लागले... आणि माझ्या पाठीवर फटका बसला.

नीट वाचा. दाजींचे दोन्ही हात माझ्या गळ्यावर होते. खडकावर तिसरं कुणी नव्हतं.

मग फटके थांबेचनात. एक मला, एक त्यांना. दर वेळी डोहाच्या बाजूने. दर फटक्याला आम्ही एकमेकांवर अधिकच चवताळून उठत होतो, आणि दर फटक्याला एक पाऊल काठाकडे सरकत होतो. गुडघाभर पाण्यातून एकमेकांना बुडवत, केस उपटत आम्ही दरडीवर चढलो. वरच्या बाभळीखाली येऊन पडलो आणि फटके बंद झाले. मग गारा सुरू झाल्या, लिंबाएवढ्या.

त्या गारांमधूनच आम्ही पाहिलं. वळणावरून मातकट पाण्याची भिंत आली. तिच्यात मुळासकट उपटलेलं झाड होतं, एक मेलेला बैल होता. आमचा खडक, टोपल्या, दाजींच्या दोन मरळी, सगळं एका दमात गेलं. झाड त्या खडकावर आपटल्याचा आवाज गारांच्या वर ऐकू आला.

“आमाला तर तुमी दोगंच दिसलासा, एकमेकाला बडवताना,” भोई तात्या म्हणाले. एवढंच. माझी नजर टाळून ते निघून गेले.

डॉक्टरांनी माझ्या पाठीवर बोटभर जाडीचे सात वळ मोजले. “गारांनी होतं असं,” म्हणाले. गार लांबट वळ कसा उठवते, हे विचारायची माझी हिंमत झाली नाही. दाजींच्या पाठीवरही तसेच वळ, आणि डाव्या कानाचा पडदा कायमचा गेला.

अक्काने एकच प्रश्न विचारला. “पैला हात कुनी उचलला?”

“अक्का, शपथ घेतो, मी नाही.”

तिने नवऱ्याकडे पाहिलं. दाजी जमिनीकडे बघत म्हणाले, “तितं तिसरं कोन हुतं?”

भूत होऊन लोकांना घाबरवणाऱ्या भावावर कोण विश्वास ठेवणार? जन्मभर थापा मारल्या आणि एकदाच खरं बोललो, ते वाया गेलं. ते दार बंद झालं. पुढची सगळी वर्षं भाऊबीजेला मी कपाळ कोरडं घेऊन कारखान्याच्या खोलीत बसायचो, आणि मित्रांना सांगायचो की बहिणीकडे फार गोडधोड खावं लागतं म्हणून टाळतो.

खूप वर्षांनी दाजी अंथरुणाला खिळले, तेव्हा त्यांचा निरोप आला. अक्का रानात गेलेली पाहून मी गेलो. त्यांच्या उजव्या, चालू कानाशी बसलो.

“वसंता,” ते म्हणाले, “तुजे दोनी हात काठीवर हुते. मी बगत हुतो.”

“मग इतकी वर्षं, दाजी...”

“तुजा हात म्हनून धरला की झोप लागायची रं. तुजा न्हाय म्हनलं, तर मग कुनाचा?” मग म्हणाले, “तुज्या पाठीत कुनी मारलं?”

“गारा,” मी म्हणालो.

“गारा नंतर आल्या. तुला बी ठावं हाय.” त्यांनी माझं मनगट धरलं; त्या हातात आता जोर नव्हता. “तुज्या अक्काला सांगू नगंस. ती रोज त्याच नदीवर धुनं धुती. तिला बी झोप पायजे.”

मी सांगितलं नाही. अक्का रानातून यायच्या आत मागच्या दाराने निघालो. तिच्या लेखी मी शेवटपर्यंत नवऱ्याचा कान फोडणारा भाऊच राहिलो.

त्या फटक्यांनी आम्हाला पुरातून वाचवलं, की पिल्लांपासून हाकललं, हे मला कळलेलं नाही. आज दाजी नाहीत, अक्काही नाही. आता कुणाची झोप मोडायची राहिलेली नाही, म्हणून लिहितो – पहिला फटका माझा नव्हता.